दारावरची खूण : साथीचे भय आणि तंजावरची मराठी

साथीच्या रोगांविषयी मराठीत लेखन झालेले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगने तर आपल्या चरित्रग्रंथांत, आत्मवृत्तांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत एक स्वतंत्र दालनच उघडले. तथापि हे लेखन बारकाईने पाहू गेल्यास ते बहुतांशी रोग घरात शिरल्यानंतरचे, किंवा रोग शोधावयास आलेले शिपाई घरात शिरल्यानंतरचे आहे, असे दिसून येते. रोग अद्याप आपल्या आळीत आलेला नाही, पलीकडच्या गावी मात्र आला आहे. येणारा प्रत्येक वाटसरू एक नवी बातमी आणतो, आणि बातमी ऐकून झाल्यावर घरातील माणसे त्या वाटसरूकडेच साशंकतेने पाहू लागतात. या मधल्या दिवसांचे चित्रण आपल्या वाङ्मयात विरळच म्हणावे लागेल. वस्तुतः कलावंताच्या दृष्टीने हेच दिवस अधिक मोलाचे होत. मृत्यू समोर उभा राहिला म्हणजे माणसे बहुधा सारखीच वागतात. तो चार कोसांवर असतो तेव्हा ज्याचा त्याचा स्वभाव उघडा पडतो.

इंग्रजी वाङ्मयात या अवस्थेचा एक नामांकित लेखक झाला. डॅनियल डीफो याने लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर जे पुस्तक लिहिले ते प्रसिद्ध झाले १७२२ साली, म्हणजे घटनेनंतर सत्तावन्न वर्षांनी. ही साथ आली तेव्हा तो पाचएक वर्षांचे मूल होता. मग इतक्या उशिरा त्याला तिची आठवण का व्हावी? कारण असे की १७२० साली फ्रान्समधील मार्सेय बंदरात प्लेग उद्भवला होता आणि तो समुद्र ओलांडून केव्हा येतो या चिंतेत सारे इंग्लंड होते. जुन्या साथीचा वृत्तान्त ही डीफोच्या हाती केवळ सामग्री होती. ग्रंथाची प्रेरणा शेजारच्या देशातून येत असलेली नवी भीती हीच होती. त्या ग्रंथात जी गोष्ट वाचकाच्या मनातून जाता जात नाही, ती म्हणजे बाधित घरांच्या दारावर रंगविलेली तांबडी फुली आणि तिच्यावर लिहिलेली ईश्वरी कृपेची याचना. दाराला बाहेरून कुलूप, आत निरोगी आणि रोगी एकत्र, आणि दारावर प्रार्थना! प्रार्थना कोणासाठी, आतल्यांसाठी की रस्त्याने जाणाऱ्यांसाठी, याचा उलगडा त्या अक्षरांवरून होत नाही.

दारावरची खूण हा लेखनाचा एक अत्यंत संक्षिप्त प्रकार आहे. तिचा वाचक ठरलेला असतो, तिचा हेतू ठरलेला असतो, आणि घाबरलेला समाज आजारी माणसाला कोण समजतो, हे ती दोन-चार रेषांत सांगून टाकते. प्रस्तुत लेखात अशा काही खुणांचे वाचन करण्याचा विचार आहे. त्यासाठी मी महाराष्ट्राबाहेरचे एक स्थळ मुद्दाम निवडले आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्याने तंजावर घेतले, आणि १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी निवर्तला. या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत तेथे मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. परंतु तिच्या चोहोबाजूंस तमिळ होती, दरबारात तेलुगू होती, पाठशाळांत संस्कृत होती. शाहराजाच्या नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' या नाटकात पाच भाषा एका रंगभूमीवर येतात. ही केवळ दरबारी चमत्कृती नव्हे, तर त्या नगराचा तो नित्याचा अनुभव होता. अशा ठिकाणी भाषेला आपल्या शब्दांकडे शेजारणीच्या डोळ्यांनी पाहावे लागते. रोगांच्या नावांच्या बाबतीत तर हे फारच उद्बोधक ठरते.

मराठीत ज्या रोगाला 'देवी' म्हणतात त्याला तमिळमध्ये 'अम्मै' म्हणतात. अम्मै म्हणजे आई. अंगावर उठणाऱ्या फोडांना तमिळ माणूस 'मुत्तु', म्हणजे मोती म्हणतो, आणि त्यावरूनच मुत्तुमारियम्मन हे देवीचे नाव घरोघर पोचले. मराठीत 'देवी आल्या' असे अनेकवचन वापरले जाते. फोड अनेक, म्हणून देवीही अनेक. दोन भाषांचे कूळ भिन्न, व्याकरण भिन्न; तरी दोघींनी रोगाचे नाव आणि देवतेचे नाव एकच ठेवले. याला अज्ञान म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत आपल्या सुधारकी लेखनाने तेच केले. परंतु समीक्षकाने शब्दाचे काम काय होते ते पाहिले पाहिजे. घरात मूल फणफणले, अंगावर पुरळ उठले, की दारावर कडुनिंबाची डहाळी लागे. तमिळ घरात लागे, मराठी घरातही लागे. स्वयंपाकात फोडणी बंद होई. बाहेरचे माणूस आत येत नसे. आजाऱ्याला टाकून बोलणे निषिद्ध होते, कारण त्या काळापुरते ते शरीर देवीचे आसन होते. त्याने जे मागितले ते देवीने मागितले असे समजत. आता या साऱ्या आचाराचा बाह्य परिणाम पाहिला तर तो विलगीकरणाचाच आहे. डहाळी पाहून परका माणूस उंबऱ्याबाहेर थांबतो. लंडनमधील तांबडी फुलीही त्याला तेथेच थांबविते. फरक अर्थाचा आहे. फुली सांगते की या घरात संकट आहे. डहाळी सांगते की या घरी कोणी मोठे माणूस आले आहे, जपून वागा.

तंजावरपासून अगदी जवळ पुन्नैनल्लूर येथे मारियम्मनचे जे देऊळ आहे त्याची आख्यायिका या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. व्यंकोजीला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि पुन्नैच्या झाडीत देवी सापडली, असे सांगतात. पुढे तुळजाराजाच्या कन्येची आजाराने गेलेली दृष्टी देवीच्या प्रसादाने परत आली, आणि सदाशिव ब्रह्मेंद्रांनी वारुळाच्या मातीतून मूर्ती घडविली, अशीही परंपरा आहे. तिची ऐतिहासिकता तपासणे हा येथे विषय नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, महाराष्ट्रातून आलेल्या राजकुळाने आपल्या भयाला आश्रय शोधला तो स्थानिक आईपाशी. भवानी बरोबर आणली होतीच; पण रोग या मातीतला म्हटल्यावर आईही या मातीतली हवी, ही जाण त्या कथेत आहे. मूर्ती मातीची असल्यामुळे तिच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही, तिला तैलादी लेप देतात. उन्हाळ्यात तिच्या मुखावर घामाचे बिंदू उमटतात अशी श्रद्धा आहे. रोगी माणसाच्या कपाळावरचे बिंदू आणि देवीच्या मुखावरचे बिंदू यांत अंतर न राहू देणारी ही कल्पना मला कोणत्याही प्लेग-कादंबरीतील रूपकाहून अधिक धीट वाटते.

येथेच एक भाषिक घटना नमूद केली पाहिजे. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत प्रथमच एका लहान मुलीला गोस्तनाची लस यशस्वीपणे टोचण्यात आली आणि तेथून ही विद्या देशभर पसरू लागली. नवी गोष्ट, परकी गोष्ट, त्यातून गाईच्या रोगाचा अंश माणसाच्या अंगात घालावयाचा! लोकांनी शंका घेतली यात नवल नाही. परंतु या नव्या क्रियेला मराठीने नाव काय दिले? 'देवी काढणे'. यातील क्रियापदावर थोडे थांबणे अवश्य आहे. काढणे म्हणजे बाहेर घालविणे असा एक अर्थ आहेच. पण आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो, तेव्हा जे अव्यक्त आहे ते रेषांत आणतो. दंडावर देवी काढणे म्हणजे तिला तेथे, त्या दोन बोटे जागेत, लहान रूपाने प्रकट करणे. मग ती अंगभर येत नाही, कारण ती येऊन गेलेली असते. तमिळमध्येही टोचण्याला 'अम्मै कुत्तुदल' म्हणू लागले. अर्थ तोच, की आईच टोचली जाते. एकाच शब्दात रोग, देवता आणि उपाय अशी तिन्ही सामावणारी अशी दुसरी उदाहरणे फार नसावीत. हे कोणा पंडिताने ठरविले नाही, कोणा मंडळाने पारिभाषिक कोश काढून सुचविले नाही.

उलट जेथे हेच काम पंडितांनी हेतुपुरस्सर करू पाहिले तेथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मद्रासचा कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस हा तमिळचा खरा अभ्यासक, तिरुक्कुरळचा भाषांतरकार. त्याने शक्ती आणि धन्वंतरी यांच्या संवादाच्या रूपात लसीची महती सांगणारी एक तमिळ रचना केली. लोकांना ती आपल्याच जुन्या शास्त्रातली वाटावी हा उद्देश. त्याच सुमारास, जानेवारी १८१९ मध्ये, 'मद्रास कुरिअर'मध्ये 'कल्वि विरुम्बोन' (विद्येची आवड असलेला) या टोपणनावाने एक पत्र आले. त्यात ही लस धन्वंतरीच्या संस्कृत ग्रंथात पूर्वीच सांगितलेली असल्याचा दावा होता. हा आधार पुढे कित्येक दशके युरोपात व भारतात प्रामाणिकपणे उद्धृत होत राहिला. विशेष म्हणजे वेदाचे सोंग घेतलेल्या एका आधुनिक ग्रंथाची बनावट उघडी पाडणारा निबंध याच एलिसचा आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे सोंग ओळखणाऱ्या या विद्वानाला आपले सोंग लोककल्याणाचे वाटले असावे. त्याच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. तथापि वाङ्मय म्हणून या प्रयत्नात एक तुच्छता दडलेली आहे: लोकांना कारण सांगून पटणार नाही, जुनी पोथी दाखविली की पटेल. 'देवी काढणे' या दोन शब्दांत ही तुच्छता नाही, कारण ते शब्द घाबरलेल्यांनी स्वतःच घडविले.

याच काळात तंजावरला धन्वंतरीचे नाव एका निराळ्याच दारावर होते. दुसऱ्या सरफोजीने (राज्यकाल १७९८ ते १८३२) स्थापिलेल्या धन्वंतरी महालात निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र बसत, औषधे पारखली जात, आणि उपयोगी ठरलेले योग तमिळ पद्यांत बांधून ठेवले जात. 'सरभेंद्र वैद्य मुऱैगळ' या नावाने ती रचना ओळखली जाते. राजा मराठी, देवतेचे नाव संस्कृत, पद्ये तमिळ, आणि राजाचा लहानपणचा शिक्षक श्वार्त्झ हा जर्मन पाद्री! तरी जुन्या ग्रंथाचे सोंग आणण्याची गरज तेथे कोणास भासली नाही. धन्वंतरीला पूर्वीच सारे ठाऊक होते असे मद्रासच्या पत्राचे म्हणणे; तंजावरला धन्वंतरीच्या नावाखाली अजून पुष्कळ शोधावयाचे आहे असे मानून काम चालले. मला हा दुसरा वापर अधिक आदराचा वाटतो.

सरफोजीचे नाव निघाले की आपण त्याच्या ग्रंथसंग्रहाविषयी बोलतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेल्या भोसले वंशाच्या मराठी चरित्राविषयी बोलतो. त्या प्रचंड शिलालेखाइतकाच, किंबहुना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून अधिक, विचार करण्याजोगा असा त्याचा एक मजकूर आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेली छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, आपल्याच हाती राहावीत म्हणून सरफोजीने १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिले. त्यात छत्रांत काय चालते याचा तपशील आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते; वाटेत जो आजारी पडेल त्याला औषधपाणी देऊन तो बरा होईपर्यंत आदराने ठेवून घेतले जाते; जो मरेल त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे केले जातात; गरोदर स्त्रियांची, तान्ह्या मुलांची, पोरक्या झालेल्यांची सोय पाहिली जाते.

हे पत्र म्हणजे अर्ज आहे, हे विसरून चालणार नाही. सत्ता गेलेला राजा आपल्या हाती उरलेल्या गोष्टीचा गौरव करणार, हे उघडच आहे; व्यवहारात प्रत्येक छत्रात प्रत्येक आजाऱ्याला असाच आदर मिळत असेल, असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. पण अर्जाचेही एक वाङ्मयीन मूल्य असते. अर्जदार आपल्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा कोणता निवडतो, यावरून त्याच्या मूल्यांची उतरंड कळते. येथे राजाने पराक्रम सांगितला नाही, वंश सांगितला नाही (तो दोन वर्षांनी भिंतीवर कोरवून घेतला). परक्या आजारी माणसाला आम्ही दाराबाहेर घालवीत नाही, हे सांगितले. यात्रेचा मार्ग हाच साथीचाही मार्ग असतो, हे त्या काळीही अनुभवाने ठाऊक होते. पुढे १८१७ साली बंगालात जेसोरकडे उसळलेली पटकी एक-दोन वर्षांतच साऱ्या देशात पसरली, तेव्हा तर यात्रेकरू हाच भयाचा विषय झाला. अशा मार्गावर बसून 'आजारी असेल त्याला ठेवून घेतो' असे म्हणणे हे साधे विधान नव्हे.

सरफोजीच्या नावावरच असलेल्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकातही हीच वृत्ती आढळते, असे मला सुचवावेसे वाटते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात रानोमाळ फिरणारी, हात पाहून भविष्य सांगणारी कुरवर स्त्री प्रमुख असते. सरफोजीने तिच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. नाट्य म्हणून ती कृती फारशी रंगत नसेल. देशांची नावे पाठोपाठ येऊ लागली म्हणजे प्रेक्षकाची काय अवस्था होत असेल ते सांगावयास नको. तरी कल्पना पाहा: ज्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या बाईला साथीच्या दिवसांत प्रथम वेशीबाहेर हाकलतात, तिच्याच तोंडून राजा जगाची वार्ता ऐकतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. दारावर डहाळी लावून जिला घरात पूज्य मानले, तिलाच वेशीवरून घालवून देण्याची रीत महाराष्ट्रात होती. गावात किंवा जवळपास पटकी आली की मरीआईचा गाडा निघे. लाकडी गाड्यावर देवीची स्थापना करून, नैवेद्य दाखवून, वाजतगाजत तो शिवेपर्यंत नेत आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. त्या गावाने तो पुढच्या गावी ढकलावा. यात भक्ती आहे, हे नाकारता येत नाही. पण या भक्तीचा निष्कर्ष शेजाऱ्याच्या दारी संकट ठेवण्यात आहे, हेही नाकारता येत नाही. शिवाय गावकीच्या व्यवस्थेत या देवीची सेवा आणि असली अशुभ मानलेली कामे कोणाच्या वाट्याला येत, ते सर्वश्रुत आहे. महारवाड्याशेजारी जिचे देऊळ, तिचे भय साऱ्या गावाला आणि तिचे ओझे मात्र एका वस्तीला! म्हणून ज्यांना देवीच्या भाषेत केवळ करुणा दिसते, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. उंबऱ्याच्या आत ही भाषा आजाऱ्याला मोठेपणा देते. शिवेवर पोचताच ती परक्याला विसरते. छत्राचा मजकूर आणि गाड्याची रीत एकाच मराठी मनातून निघाली आहेत, आणि साथीच्या वाङ्मयाचे परीक्षण करताना ही दोन टोके समोर ठेवावी लागतात.

भय ऐकण्यातही फेरफार करते. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात ओकारी-रेचाच्या ज्या जीवघेण्या रोगाचे वर्णन केले, त्याचे देशी नाव 'मोडशी'. पोर्तुगीज तोंडी त्याचे 'मोर्देशिं' झाले, आणि फ्रेंचांनी ते ऐकले 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण. मूळ शब्द कोकणी-मराठीतला, मोडणे या धातूशी नाते सांगणारा. फ्रेंच कानाला त्यात कुत्र्याचे मरण ऐकू आले, कारण तसे मरण त्यांनी पाहिले होते. आज मराठीत मोडशी म्हणजे साधे अपचन.

प्लेगच्या वेळी या सर्व शब्दसंपत्तीचा मराठीला उपयोग झाला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. 'ग्रंथिक सन्निपात' हा संस्कृत पर्याय सुशिक्षितांनी सुचविला. तो छापण्यापुरता राहिला आणि 'प्लेग' हा शब्द जसाच्या तसा घरात येऊन बसला. रोगाला आई म्हणता येईना, पाहुणी म्हणता येईना. दारावरची खूणही बदलली. मुंबईत बाधित घरांवर तांबडी वर्तुळे उमटली. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या इमारतींवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविली गेली. ज्यांच्या घरावर ती लिहिली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. येथे खुणेचे स्वरूपच पालटते: ती घरातल्यांशी बोलत नाही, शेजाऱ्यांशीही बोलत नाही, ती एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्यासाठी ठेवलेली टीप असते. फेब्रुवारी १८९७ च्या साथीच्या कायद्यानंतर पुण्यात जे घडले, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. तो इतिहास वाचकांस परिचित आहे. मला सांगावयाचे ते एवढेच की, या घटनेमुळे आपले प्लेगविषयक लेखन जवळजवळ सर्वस्वी सरकार आणि प्रजा यांच्या संघर्षाचे लेखन झाले. तो संघर्ष खराच होता. घरे उघडून स्त्रियांची तपासणी होत असता दुसरे काही सुचणे शक्यही नव्हते. परंतु त्या गदारोळात शेजाऱ्याने शेजाऱ्याशी कसे वर्तन केले, हा प्रश्न मागे पडला. गावाबाहेरच्या झोपड्यांत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याचा हिशोब थोडक्यांनीच मांडला.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा या बाबतीत ठळक अपवाद होय. अहमदनगरकडील प्लेगच्या दिवसांविषयी त्या लिहितात तेव्हा त्यांची नजर कायद्यावर नसते, आजाऱ्याच्या अंथरुणावर असते. त्यांच्या लेखनात भयही आहे, आणि भयाची थट्टाही आहे. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेली ही स्त्री माणसाला शिवण्याचे भय एकदा ओलांडून आली होती. धर्मांतराच्या प्रसंगाने तिला ते शिकविले होते. म्हणून रोग्याला शिवण्याच्या भयाचे तिला फारसे अप्रूप राहिले नाही. आमच्या टीकाकारांनी 'स्मृतिचित्रे'च्या सहजतेची पुष्कळ स्तुती केली. तिच्या या निर्भयतेचे मूळ कोठे आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

तमिळ प्रदेशात प्लेगचे निराळेच झाले. कोइमतूर येथे 'प्लेग मारियम्मन'ची देवळे आहेत. इंग्रजी रोगनाम देवीचे विशेषण होऊन बसले! पुढे मे २०२१ मध्ये त्याच शहरातील एका मठाने 'कोरोना देवी'ची मूर्ती स्थापिली, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याची चेष्टा झाली. चेष्टेला कारण होते. लोक प्राणवायूसाठी धावत असता मूर्ती कसल्या मांडता, असे कोणालाही वाटेल. पण नव्या भयाला जुन्या घरात बसविण्याचा हा प्रयत्न अगदी निराधार नव्हता, हे मागील विवेचनावरून ध्यानात येईल. माझी हरकत निराळी आहे. देवी आली, पण तिच्यामागून डहाळी आली नाही. आजाऱ्याशी आदराने बोलण्याचा जो आचार त्या नावाशी बांधलेला होता, तो मात्र परतला नाही.

तंजावर जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर मार्च २०२१ मधील प्रकार पुरेसा बोलका आहे. अम्मापेट्टै येथील मुलींच्या शाळेत एकामागून एक विद्यार्थिनी बाधित आढळल्या. पाठोपाठ जिल्ह्यातील इतर शाळांची नावे बातम्यांत येऊ लागली. वर्षभर चाललेली साथ आता ओसरली अशा समजुतीत असलेल्या पालकांपुढे प्रश्न एकच होता: पुढचे नाव आपल्या मुलाच्या शाळेचे तर नाही? शाळेचे नाव हीच खूण झाली. मुली सुदैवाने बहुतेक लक्षणविरहित होत्या, पण नावाला लक्षणे लागत नाहीत. त्याआधी, २०२० मध्ये, देशात ठिकठिकाणी बाधितांच्या घरांवर सूचनापत्रके चिकटविली जात होती. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज अशी पत्रके लावू नयेत, असे सांगितले. पत्रक लागलेल्या घरातील माणसांना अस्पृश्यासारखी वागणूक मिळते हे न्यायालयाने सुनावणीत लक्षात घेतले होते. शंभराहून अधिक वर्षे जो प्रश्न आपल्या साहित्याने विचारावयास हवा होता, तो अखेर एका जनहितयाचिकेच्या निमित्ताने विचारला गेला.

करोनाच्या काळात मराठीत कवितांचा आणि दैनंदिनींचा महापूर आला. त्यांतील बऱ्याच लेखनात एकान्त आहे, स्वच्छ झालेले आकाश आहे, कामू याच्या १९४७ च्या 'ला पेस्त'चे स्मरण आहे. रस्त्याने गावी चालत निघालेल्या मजुरांविषयीचा कळवळाही आहे. पण त्या मजुरांना वेशीवर अडविणाऱ्या गावातला, जिन्यावरच्या शेजाऱ्याला पाहून दार लावून घेणारा जो 'मी', तो त्यांत क्वचितच बोलतो. हा 'मी' बोलल्याखेरीज भयाचे वाङ्मय निर्माण होणार नाही. दुसऱ्याच्या भ्याडपणाचे वर्णन सर्वांनाच येते.

१९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, १९८० साली जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि देवी काढणे थांबले. ज्यांच्या दंडावर ते वण आहेत ती पिढी आता उताराला लागली. तिच्याबरोबर तो शब्दप्रयोगही चालला आहे. २०२१ साली मराठी माणूस मराठी माणसाला विचारीत होता, 'लस घेतली का?', तंजावरात 'ऊसि पोट्टाच्चा?', सुई टोचली का, असे विचारीत होते. सुईत आई उरली नाही. मराठीत मात्र थोडे काही उरले आहे. जखमेतून, फोडातून जे पाझरते त्याला आपण लस म्हणतो, आणि कुपीतून येते त्यालाही लसच म्हणतो. देवीच्या फोडातले पाणी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेले जात होते, त्या दिवसांचा हा शब्द आहे.